कार्ड माझं, दोरी मालकाची

माल्टात, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या त्या चिमुकल्या युरोपीय बेटदेशात, लोक दर दुसऱ्या वाक्याला 'मेला' म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'तर मग', 'हो ना', 'बरं' असा प्रसंग पडेल तसा होतो, आणि दोनदा म्हटलं, मेला मेला, की 'अगदी बरोबर'. एरवी त्याची सवय झाली होती, पण २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये मी गच्चीवर उभं राहून मिरजेला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे आणि समोरच्या घरातली नान्ना, म्हणजे त्यांच्याकडची आजी, खालच्या बाईशी ओरडून गप्पा मारत असायची, आणि आई एकदम घाबरून विचारायची, अगं कोण मेला? तिला वाटायचं आमच्या गल्लीत रोज माणसं जातायत. मी समजावून थकले शेवटी.

मी तेव्हा ग्झिरा नावाच्या गावात राहायचे. ग्झिरा म्हणजे बेट, आपल्या मुरुडच्या जंजिऱ्यातला जंजिरा तोच हा अरबी शब्द, माल्टी भाषा मुळात अरबीतूनच आलेली आहे, फक्त लिहितात रोमन लिपीत आणि शब्द अर्धेअधिक इटालियन. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, मुंबईच्या साधारण निम्मा, आणि तेव्हा लोकसंख्या पाच लाखाच्या आसपास, त्यात पाचातला एक माणूस परदेशी. मी एका ऑनलाइन गेमिंगवाल्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. माझ्या फ्लॅटमध्ये एक मल्याळी चेची, म्हणजे त्यांच्याकडची ताई, होती, वृद्धाश्रमात केअरर म्हणून काम करायची. वरच्या मजल्यावर नेपाळचा एक कुक राहायचा, त्याला सगळे दाइ, म्हणजे नेपाळीत दादा, म्हणायचे, मला सुरुवातीला दाई ऐकून हसू यायचं. गच्ची आमची कॉमन. पाण्याच्या टाक्या, डिश, कपड्यांच्या दोऱ्या आणि लांबवर समुद्राची एक पट्टी.

हे सगळं सांगतेय कारण आता इतक्या वर्षांनी लॉकडाऊनच्या आठवणी निघाल्या की लोक एकतर डालगोना कॉफी सांगतात नाहीतर ऑक्सिजन सिलेंडर, आणि दोन्ही खरंच आहे, पण मला त्या काळाने एक वेगळीच गोष्ट दाखवली, आणि ती माल्टापुरती नाहीये म्हणून लिहावंसं वाटतंय. परदेशी कामगाराचं परमिट हे त्या कामगाराचं असलं पाहिजे, मालकाचं नाही. नोकरी गेली म्हणून माणसाचा त्या देशात राहण्याचा हक्क त्याच आठवड्यात जाता कामा नये. एवढंच म्हणणं आहे माझं. ऐकायला टेक्निकल वाटतं, पण त्याच्यामागे काय काय लटकलेलं असतं ते मी गच्चीवरून बघितलंय.

आधी चांगलं सांगते, नाहीतर खाल्ल्या घरचे वासे मोजले असं होईल. माल्टाने पहिली लाट झकास हाताळली. ७ मार्चला पहिली केस सापडली, मग शाळा बंद, १८ तारखेपासून बार-रेस्टॉरंट बंद, २३ला बाकीची दुकानं, आणि २१ मार्चच्या मध्यरात्रीपासून बाहेरून येणारी विमानं बंद. रोज दुपारी साडेबाराला पब्लिक हेल्थच्या प्रमुख प्रोफेसर शार्मेन गौची टीव्हीवर यायच्या आणि शांतपणे आज किती, कुठे, कशामुळे ते सांगायच्या, घरातली एखादी मोठी मावशी बोलावी तसं, आणि अख्खं बेट त्या वेळेला गप्प बसायचं. पोलिसांचा दंडुका नव्हता, संचारबंदी नव्हती, पूर्ण लॉकडाऊन म्हणतात तसा तो कागदावर कधी लागलाच नाही. तिघांपेक्षा जास्त जण एकत्र दिसले तर माणशी १०० युरो दंड, क्वारंटाइन मोडलं तर ३०००, आणि ६५च्या वरच्यांनी आणि आजाऱ्यांनी घरातच थांबायचं. उन्हाळा लागेपर्यंत मृतांची संख्या दोन आकडीसुद्धा झाली नव्हती. मिरज-सांगलीत पुढे काय हाल झाले ते आठवलं की मी आजही म्हणते, त्या वेळी मी जिथे होते तिथे सुरक्षित होते.

नान्ना ६५च्या पुष्कळ वर. तिच्या घराला तो लाकडी बंद सज्जा आहे, गॅलरिया म्हणतात, आपल्या गॅलरीचाच भाऊ, हिरव्या रंगाचा. त्यातून ती दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. पूर्वी पाववाल्यासाठी सोडायचे म्हणे, आपल्याकडे जुन्या चाळीतून भाजीवाल्याला सोडतात तशीच डिट्टो. टोपलीत यादी आणि दहा युरोची नोट, त्याच्यावर कपड्याचा चिमटा लावलेला. मी किंवा दाइ सामान आणून टोपलीत ठेवायचो. गॅसचा सिलेंडर काही टोपलीत मावत नाही, तो दाइ खांद्यावर टाकून वर नेऊन दारात ठेवायचा आणि ती दार उघडायच्या आत चार पायऱ्या खाली येऊन उभा राहायचा. ईस्टरला तिने टोपलीतून फिगोली पाठवल्या, बदामाचं सारण भरलेली मोठ्ठी बिस्किटं असतात, माशाच्या आकाराची, वर रंगीत साखरेचा थर. आमच्या तिघांसाठी तीन. नावं येत नसल्यामुळे कागदावर तिने लिहिलं होतं, ऑफिसची, नर्स, आणि सिलेंडर.

तर आता १७ मार्च २०२०. त्या दिवशी पार्लमेंटमध्ये तेव्हाचे इकॉनॉमी खात्याचे मंत्री सिल्वियो स्केम्ब्री बोलले. मदतीचं पॅकेज वगैरे चालू होतं आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं की आमचं पहिलं लक्ष माल्टा आणि गोझोच्या (गोझो म्हणजे त्याच देशातलं शेजारचं बेट) कामगारांकडे आहे, दानधर्म आधी घरापासून, आणि परदेशी माणसाची नोकरी गेली की त्याला आपल्या देशात परत जावं लागेल. त्याच्यावर भरपूर गदारोळ झाला, त्यांनी नंतर माफीही मागितली, त्यामुळे त्या एका वाक्यासाठी त्यांना आज धरून ठेवायची मला गरज वाटत नाही. घाबरलेल्या वेळी माणूस बोलून जातो. उलट मला तर वाटतं ते प्रामाणिकपणे बोलले. कारण त्यांनी काही नवीन धमकी दिली नव्हती, जो नियम आधीपासून होता तोच मोठ्याने वाचून दाखवला होता. आम्ही युरोपबाहेरचे लोक ज्या सिंगल परमिटवर राहायचो त्यात काम करायची परवानगी आणि राहायची परवानगी एकच, आणि ती एका मालकाला आणि एका कामाला बांधलेली. मालकाने काढलं की हातात दहा दिवस. दहा दिवसांत दुसरा मालक शोधा नाहीतर सामान बांधा. एरवी माल्टात नोकऱ्यांचा सुकाळ असायचा म्हणून त्या दहा दिवसांकडे कोणी बघत नव्हतं, पूर नसताना नदीकाठचं घर छानच वाटतं.

आता तारखा लावून बघा. १७ला सांगितलं परत जा. २१ला माल्टाचं विमानतळ बंद. भारताने २२ मार्चपासून बाहेरची विमानं उतरू देणं बंद केलं आणि नेपाळनेही त्याच दिवसांत. म्हणजे एका हाताने दाराकडे बोट आणि दुसऱ्या हाताने कडी. २४ला रात्री आठ वाजता मोदी टीव्हीवर आले आणि चार तासांनी भारत बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. मी मॉपच्या दांड्याला ओढणी बांधून, वर स्टीलचा ग्लास उपडा घालून आणि गाठीऐवजी दुकानातल्या मार्शमेलोची माळ ओवून गच्चीवर गुढी उभारली, आणि नान्नाने समोरून विचारलं कुठल्या संताचा झेंडा आहे हा. त्यांच्याकडे प्रत्येक गावाचा संत आणि त्याची जत्रा, गच्च्यांवर झेंडे लावतात. मी म्हटलं नवीन वर्ष आहे. ती म्हणाली, मेला, वर्ष काही बरं दिसत नाही.

१ एप्रिलला दाइला मेसेज आला. आधी आम्हाला वाटलं एप्रिल फूल. रेस्टॉरंट १८ तारखेपासून बंदच होतं, मालक रोज म्हणत होता बघू बघू, आणि मग तीन ओळींचा व्हॉट्सअॅप, उद्यापासून तू आमच्याकडे नाहीस, कागद मेल केलेत. त्या मालकाला मी राक्षस म्हणणार नाही, त्याच्याही गल्ल्यात काही येत नव्हतं. सरकारने पगाराला महिना ८०० युरोपर्यंतचा टेकू जाहीर केला होता, पण तो नोकरीत असलेल्या माणसासाठी, आणि ह्याला एक माणूस पुढे कमी ठेवणं सोपं वाटलं असेल. काय असेल ते. दाइ गच्चीवर आला, भिंतीला टेकून बसला आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत राहिला. एजंटचं कर्ज अजून अर्धं बाकी होतं. चेचीने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि दोघी काही न बोलता उभ्या राहिलो, दोन मीटर सोडून, तेव्हा ते पण होतं ना.

इथे आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय चाललं होतं ते सांगायलाच पाहिजे. मंत्र्यांच्या वाक्यावर सगळे खवळले होते. आम्ही टॅक्स भरतो, आमच्याशिवाय ह्यांची इंडस्ट्री चालेल का, रेसिझम आहे हा, वगैरे. बरोबरच होतं. पण दुसऱ्याच दिवशी एकाने लिहिलं की ते आपल्याबद्दल नाहीये हो, आपण एक्सपॅट, ते मायग्रंट लोकांबद्दल होतं. आणि त्याला अंगठ्यांवर अंगठे. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा एक्सपॅट शब्द किती कामाचा आहे. लॅपटॉपवर काम करणारा एक्सपॅट, तव्यासमोर उभा राहणारा मायग्रंट. आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ह्यापेक्षा त्यात जास्त काही नाही. माझ्या पाकिटातलं कार्ड आणि दाइच्या पाकिटातलं कार्ड एकच होतं, त्याच खात्याने दिलेलं, त्याच अटींवर, दहा दिवस मलाही तेवढेच. फरक एवढाच की मार्च २०२०मध्ये लोक हॉटेलात जायचे बंद झाले आणि ऑनलाइन पत्ते खेळायचे बंद झाले नाहीत. ह्यात माझं कर्तृत्व शून्य.

आणि आमच्याही खाली पायऱ्या होत्याच. एप्रिलच्या सुरुवातीला हाल फारच्या सेंटरमध्ये, जिथे आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेले हजारेक लोक राहायचे, आठ पॉझिटिव्ह सापडले आणि अख्खं सेंटर पोलीस आणि सैनिकांचा वेढा घालून बंद केलं. ज्या काळात बाकी बेटाला मोकळेपणाने हवा खायला परवानगी होती त्या काळात. आणि एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत समुद्रातून वाचवलेल्या चारशेहून जास्त माणसांना किनाऱ्यावर न उतरवता टूरिस्ट फिरवायच्या बोटींवर, माल्टाच्या हद्दीबाहेर, ठेवलं होतं. ज्या बोटींवरून आम्ही आदल्या उन्हाळ्यात कोमिनो बेटाची निळी खाडी बघायला गेलो होतो, बहुतेक तशाच. त्यावर वेगळं लिहिता येईल, इथे फक्त एवढंच म्हणते की प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या खालच्या पायरीकडे बोट दाखवत होता आणि वरची पायरी आपलीच आहे असं समजत होता.

आता समोरची बाजू. ती मूर्खपणाची नाहीये, मी स्वतः अकाउंट्सवाली आहे, मला आकडे कळतात. बेट केवढं, मुख्य सरकारी हॉस्पिटल एक मातेर देई, टूरिझम एका रात्रीत शून्यावर आलेला. अशा वेळी सरकार म्हणणार की आमचे पैसे आधी आमच्या लोकांना, आणि हे लोक आले तेच मुळी कामासाठी, काम संपलं तर थांबायचं कशाला. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. हा मुद्दा नान्नाही बोलायची, फार झाले परदेशी इथे, भाडी बघा कुठे गेली, आणि माझ्याकडे बघून लगेच म्हणायची तू नाही, तू नाही. भाड्याचं तिचं खरंच होतं, तिच्या नातवाला ग्झिरात घर परवडत नव्हतं.

पण पाहुणा कोण असतो? जो आपल्या घरी जेवतो आणि पैसे देत नाही तो. आमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे साधारण दहा टक्के कापून जायचे आणि मालक वरून तेवढेच भरायचा, माल्टी माणसाचे जातात तसेच, एक सेंट कमी नाही. वर इन्कम टॅक्स. सोशल सिक्युरिटी ही काही देणगी नाही, तो विमा आहे. विम्याचा हप्ता दर महिन्याला घ्यायचा आणि अॅक्सिडेंट झाला की म्हणायचं तुम्ही आता दहा दिवसांत निघा, ह्याला दानधर्म आधी घरापासून असं नाव देता येत नाही, कारण दान आम्ही मागितलंच नव्हतं. बेकारीचा विमा ज्याच्यासाठी असतो तो दिवस म्हणजे नोकरी जाण्याचा दिवस, आणि ह्या परमिटवर त्याच दिवसापासून तुमचं इथे राहणंच संपायला लागतं. मिळणार कसा आणि घेणार कधी? माझ्या मते एकतर आमच्याकडून तो हप्ता घेऊ नका, नाहीतर तो वापरता येईल इतका वेळ आम्हाला राहू द्या. हिशोबात तिसरा रस्ता नाही.

आणि दुसरं, हा नियम सरकारच्या आणि मालकांच्याही फायद्याचा नव्हता. दाइचंच बघा. १ एप्रिलला काढलं. माल्टातली रेस्टॉरंटं २२ मे रोजी परत उघडली. म्हणजे मध्ये सात आठवडे आणि वर दोन-तीन दिवस. तीन महिन्यांची मुभा असती तर तो त्याच किचनमध्ये त्याच तव्यासमोर परत उभा राहिला असता. मे अखेरीला मालकाचा फोन आलाही, ये परत, पण तोपर्यंत परमिट रद्द झालेलं, नवा अर्ज करायचा तर महिनोन्महिने, आणि दरम्यान काम केलं तर बेकायदेशीर. मालकाने चार टेबलं कमी लावली आणि स्वतः तव्यावर उभा राहिला, दाइने बघितलं म्हणे काचेतून. ह्याच्यातून देशाचं काय वाचलं ते मला कोणीतरी सांगावं.

तिसरा मुद्दा कोणी फारसा बोलत नाही, तो भीतीचा. चेचीच्या वृद्धाश्रमात एप्रिलमध्ये स्टाफला आतच राहायला सांगितलं, म्हणजे काही आठवडे घरी यायचं नाही, तिथेच पॅसेजमध्ये गाद्या टाकून झोपायचं. बाहेर लोक बाल्कनीत येऊन नर्सेससाठी टाळ्या वाजवत होते. जास्तीच्या तासांचे पैसे पूर्ण मिळाले नाहीत हे तिला माहीत होतं, तिच्या बरोबरच्या माल्टी बाईने त्यावर सरळ युनियनकडे तक्रार केली आणि पैसे घेतले. चेची गप्प. मी तिला म्हटलं तूही कर ना, तर म्हणाली, तिची नोकरी गेली तर तिची नोकरी जाईल, माझी गेली तर माझी पोरं कोट्टयमला फीशिवाय बसतील आणि मी दहा दिवसांत विमान शोधेन, जे नाहीचे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परमिट मालकाच्या हातात असलं की कामगार कायदे कागदावर कितीही चांगले असले तरी आमच्यासाठी अर्धेच असतात, कारण ते वापरायला तोंड उघडावं लागतं. आणि जो तोंड उघडत नाही तो स्वस्त पडतो, मग मालक आमच्यासारख्यांनाच घेतात, मग माल्टी कामगार म्हणतो परदेशी लोकांनी पगार पाडले. पाडले आमच्या परमिटने, पण शिव्या आम्हाला. म्हणून नान्नाच्या नातवानेसुद्धा हे मागायला पाहिजे की ह्या लोकांची दोरी सोडा.

इथपर्यंत लिहिलेलं ग्रुपवर टाकलं असतं तर सगळ्यांनी अंगठे दिले असते. पुढचं नसतं आवडलं.

८ मे २०२०ला सकाळी औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशचे, भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले आणि दमून तिथेच झोपले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो मी ग्झिरात बेडवर बसून बघितला. आमच्या त्याच ग्रुपवर दोन दिवस हळहळ झाली, आणि मग एकाने फॉरवर्ड टाकला की ह्या निमित्ताने परप्रांतीय गेले तर मराठी पोरांना नोकऱ्या मिळतील, इष्टापत्ती आहे. तोच माणूस, मार्चमध्ये माल्टाच्या मंत्र्याला रेसिस्ट म्हणणारा. मी लिहिलं, अहो काका, स्केम्ब्री ह्यापेक्षा वेगळं काय बोलला? तर म्हणाले, ते वेगळं, आपण कायदेशीर आहोत. अहो, ते तर भारताचे नागरिक होते, आपल्याच देशात! त्यांना परमिटसुद्धा लागत नव्हतं. आणि आपल्याकडे १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, ठेकेदाराने येण्या-जाण्याचा भत्ता द्यायचा असं त्यात लिहिलेलं, चाळीस वर्षं कपाटात. माल्टाच्या नियमात दाइसाठी निदान दहा दिवस लिहिलेले होते, जालन्याच्या त्या माणसांना किती दिवस होते?

हे मी तोल साधायला म्हणून नाही लिहिलं. मला असं वाटतं की हा प्रश्न माल्टी लोक वाईट की मराठी लोक वाईट असा नाहीचे. कामासाठी माणूस बोलवायचा आणि कामाबरोबर माणूसही संपला असं धरायचं, ही पद्धतच आहे, ती ग्झिरात चालते, जालन्यात चालते, आखातात तर कफालाच्या, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाच्या हातात ठेवण्याच्या पद्धतीच्या, नावाने उघड चालते आणि रत्नागिरीतल्या किती घरांना ती माहीत आहे. आपण ज्या गावात लॅपटॉपवाले असतो तिथे आपल्याला ती दिसत नाही एवढंच.

तर मग काय करायचं. २०२४मध्ये युरोपियन युनियनने सिंगल परमिटचा कायदा सुधारला. त्यात मालक बदलायचा हक्क दिलाय, आणि नोकरी गेली तरी निदान तीन महिने परमिट काढून घ्यायचं नाही, दोन वर्षांहून जास्त झाली असतील तर सहा महिने. देशांना तो लागू करायला मे २०२६पर्यंतची मुदत होती. माल्टाने स्वतःच्या २०२५च्या धोरणात दहाचे तीस दिवस केले, काही अटींवर साठपर्यंत. म्हणजे गाडी बरोबर दिशेला चाललीये, मान्य. पण मला दोन गोष्टी खटकतात. एक, मालक बदलायचा हक्क आहे म्हणून कागदावर लिहिलं आणि बदलाचा अर्ज चार महिने टेबलावर पडून राहिला तर तो हक्क कसला, त्या दिवसांत माणसाने खायचं काय. अर्ज दिल्याच्या दिवसापासून नव्या मालकाकडे काम करता आलं पाहिजे, मागून हवी ती तपासणी करा. दुसरं, महामारी, युद्ध, विमानं बंद अशा वेळी घड्याळ आपोआप थांबलं पाहिजे, कोणा मंत्र्याच्या मनावर ते नको. माल्टात बऱ्याच चर्चना दोन घड्याळं असतात, एक बरोबर वेळ दाखवतं आणि एक मुद्दाम चुकीची, सैतानाला फसवायला म्हणतात. आमच्या दहा दिवसांच्या घड्याळाला निदान २१ मार्च ते १ जुलै, जोवर विमानतळ बंद होतं, तोवर चुकायला काय हरकत होती?

दाइला जूनमध्ये एका गोडाऊनमध्ये खोकी उचलायचं काम कबूल झालं, कुकच्या पगारापेक्षा बरंच कमी. अर्ज गेला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. विमानतळ उघडलं, टूरिस्ट परत आले, स्लिएमाच्या किनाऱ्यावर परत आइस्क्रीमच्या रांगा लागल्या. त्याचं भाडं आम्ही तिघा-चौघांनी वाटून घेतलं होतं, तो रोज संध्याकाळी सगळ्यांसाठी डाळभात करायचा, कुकचा डाळभात म्हणजे काय असतो ते मी तेव्हा खाल्लं. कधीकधी दुसऱ्याच्या सायकलवर पार्सलं पोचवायला जायचा आणि रस्त्यात पोलीस दिसला की त्याच्या पोटात गोळा यायचा असं सांगायचा. ऑक्टोबरमध्ये अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारण वाचून आम्हाला कोणालाच समजलं नाही, चेचीने दोनदा वाचलं. तो काठमांडूला गेला. तवा, दोन सुऱ्या आणि मसाल्याचे डबे माझ्याकडे ठेवून गेला, अजून आहेत.

नोव्हेंबरात एकदा टोपली खाली आली तर त्यात यादी नव्हती, नोट होती आणि रिकाम्या सिलेंडरची पावती. मी वर बघितलं. नान्नाने विचारलं, तो सिलेंडर कुठेय, तो मुलगा, बरेच दिवस दिसला नाही. मी म्हटलं गेला तो. आजारी होता का? नाही, म्हटलं, कार्ड संपलं. तिला कार्ड कळलं नाही, मी परत सांगितलं, नोकरी गेली होती ना लॉकडाऊनमध्ये, मग राहू देत नाहीत. ती गॅलरियाच्या फळीवर कोपर ठेवून थोडा वेळ तशीच बघत राहिली आणि मग म्हणाली, मेला. आणि हळूहळू दोरी ओढून रिकामी टोपली वर घेतली.